सोलो सुचतो तितकाच घडवलाही जातो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत गिटारवरील गाजलेल्या सोलोंची (म्हणजे गाण्यात एकट्या गिटारला मोकळे सोडलेल्या भागांची) यादी प्रसिद्ध झाली, ती मी आस्थेने आणि दोनदा वाचली. रॉक आणि ब्लूज संगीतातील वादकांसाठी दैनिकाने पूर्ण पान द्यावे, ही आमच्यासारख्या श्रोत्यांना आनंद देणारी गोष्ट आहे आणि त्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार. यादीतील क्रमांकांविषयी माझी तक्रार नाही, कारण आवडीनिवडीचा प्रश्न आला की प्रत्येकाची यादी निराळी होणारच. माझा आक्षेप आहे तो यादीच्या आधी छापलेल्या प्रास्ताविकाला. थोर सोलो हा त्या क्षणी आलेल्या स्फूर्तीचा आविष्कार असतो, तो वादकाच्या बोटांतून आपसूक उमटतो आणि म्हणून त्यामागे विचार किंवा योजना शोधायला जाऊ नये, असे त्यात ठामपणे मांडले होते. वाचताना हे मत मोहक वाटते. परंतु त्याच पानावर ज्या सोलोंची नावे होती, त्यांतील बहुतेकांच्या जन्माची हकीकत त्याला छेद देणारी आहे.

गिटारवादक डेव्हिड गिल्मोर यांचेच उदाहरण घेऊ. त्यांच्या पिंक फ्लॉइड या रॉक चमूच्या १९७९ सालच्या ‘द वॉल’ या अल्बममधील ‘कम्फर्टेब्ली नम’ या गाण्याच्या शेवटी येणारा त्यांचा सोलो आपल्या यादीत पहिल्या पाचांत होता आणि तो तेथे असावा, असे मलाही वाटते. तो कसा तयार झाला, हे गिल्मोर यांनी स्वतः सांगितलेले आहे. त्यांनी त्या जागेसाठी पाच-सहा सोलो एकामागून एक वाजवून ध्वनिमुद्रित केले. मग ते सगळे पुन्हा ऐकत, एकेक बार (तालाचे एक आवर्तन) मोजत त्यांनी कागदावर तक्ता केला. जेथे जागा चांगली उतरली होती तेथे बरोबरची खूण आणि जेथे फसली होती तेथे फुली. त्यानंतर त्या तक्त्याबरहुकूम मिक्सिंगच्या (वेगवेगळे ध्वनिमुद्रित आवाज एकत्र करण्याच्या) वेळी एका ट्रॅकचा फेडर (आवाज कमीजास्त करण्याची कळ) वर आणि दुसऱ्याचा खाली करीत, एका टेकमधल्या (एका वेळच्या ध्वनिमुद्रणातल्या) जागेवरून दुसऱ्या टेकमधल्या जागेवर जात त्यांनी एक सलग सोलो बांधला. आज असंख्य वादक जो सोलो सुरासुराने पाठ करतात, तो त्या क्रमाने मूळ वादकाने एका दमात वाजवलेलाच नव्हता. हे कळल्यावर त्या सोलोची उंची कमी होते, असे कोणाला वाटत असेल तर ते मला मान्य नाही. पाच-सहा चांगल्या सोलोंतून एक असा सोलो काढणे, की ज्यात जोड कोठे आहे हे कानाला कळत नाही आणि प्रत्येक जागा मागच्या जागेतूनच निघाल्यासारखी वाटते, यासाठी वाजवण्याइतकीच ऐकण्याची तयारी लागते.

याच गाण्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यात सोलो एक नाही, दोन आहेत. पहिला सोलो डी मेजर या उजळ स्वरपट्टीत, ध्रुवपदाच्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांवर) उभा आहे; दुसरा बी मायनर या उदास स्वरपट्टीत, कडव्याच्या कॉर्डवर. गाण्यात कडवे हा डॉक्टरचा आवाज आहे आणि तो चमूतील रॉजर वॉटर्स गातात, तर ध्रुवपद हा बधिर होत चाललेल्या रुग्णाचा आवाज आहे आणि तो स्वतः गिल्मोर गातात. पहिला सोलो त्यामुळे त्यांच्याच गाण्याचा विस्तार वाटतो. सूर लांब, मोकळे आणि काहीसे सुखावलेले. दुसरा सोलो मात्र जेथे आतापर्यंत डॉक्टर बोलत होता त्या अंधाऱ्या जमिनीवर सुरू होतो. शब्द संपलेले असतात आणि ज्याला बोलू दिले गेले नव्हते तो आता त्याच जमिनीवर उभा राहून बोलू लागतो. तार बाजूला ताणून एका सुरातून वरच्या सुरात घेतलेली ती मींड ऐकताना ही मांडणी योगायोगाने झाली असेल, असे मला कधीही वाटले नाही. सोलो कोठे यावा आणि कोणत्या कॉर्डवर उभा राहावा, हा निर्णय सोलोइतकाच महत्त्वाचा असतो, हे या गाण्याने मला शिकवले.

ईगल्सच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ या १९७६ सालच्या गाण्याची कथा तर प्रास्ताविकातील मताच्या अगदी उलट टोकाची आहे. त्याचा आराखडा चमूतील गिटारवादक डॉन फेल्डर यांनी घरी डेमो (कच्च्या नमुन्याच्या) कॅसेटवर करून ठेवला होता आणि शेवटी येणारा दोन गिटारींचा भागही त्यात होता. मुख्य ध्वनिमुद्रण मायामीत करण्याची वेळ आली, तेव्हा फेल्डर आणि दुसरे गिटारवादक जो वॉल्श हे नव्याने काहीतरी सुचेल तसे वाजवू लागले. चमूचे ड्रमवादक आणि गायक डॉन हेन्ली यांनी त्यांना थांबवले आणि डेमोमध्ये होते तसेच हवे, असा आग्रह धरला. कॅसेट घरी राहिली होती, म्हणून फेल्डर यांनी घरकाम पाहणाऱ्या बाईंना फोन केला, त्यांनी ती कॅसेट लावून फोनजवळ धरली आणि तेथून ऐकून तो भाग पुन्हा बसवण्यात आला. शेवटच्या त्या दोन मिनिटांत फेल्डर आणि वॉल्श आधी आळीपाळीने बोलतात आणि मग दोन्ही गिटारी एकमेकींना सुसंवादी अंतर राखून, एकाच चालीने, कॉर्डचे सूर उतरत्या क्रमाने वाजवत जातात. दोन वादकांनी असे हातात हात घालून चालणे आयत्या वेळी साधणारे नाही. स्फूर्ती होतीच, पण ती कधीची आणि कोठली ते पाहावे: ती महिनोन्‌महिने आधी, घरातल्या एका कॅसेटवर उतरलेली होती आणि तिला तिच्या जागी परत आणण्याचे श्रेय तो सोलो न वाजवणाऱ्या हेन्ली यांच्या कानाला द्यावे लागते.

क्वीनच्या ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’मधील ब्रायन मे यांचा सोलो लहान आहे, परंतु १९७५ सालच्या त्या गाण्याचा सांधा त्यावर फिरतो. बी फ्लॅटमध्ये सुरू झालेले करुण गाणे ई फ्लॅटकडे वळते, तेथे गिटार येते आणि ती संपते न संपते तोच पियानोवर ए मेजरमध्ये ऑपेराचा भाग सुरू होतो. मे यांना गाण्याचीच चाल गिटारवर पुन्हा वाजवायची नव्हती. त्या चालीला जोड ठरेल अशी एक छोटी स्वतंत्र चाल त्यांना हवी होती आणि ती त्यांनी आधी मनात ऐकली, मग वाजवली. बोटांना त्यांच्या सवयीवर सोडले तर ती ठरावीक वाटेनेच जातात आणि त्यांना डोक्याने वाट दाखवावी लागते, या अर्थाचे त्यांचे विवेचन प्रसिद्ध आहे. ज्या माणसाने वडिलांच्या मदतीने जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीपासून आपली गिटार घरी बनवली आणि जो पिकऐवजी (तारा छेडण्याच्या पट्टीऐवजी) सहा पेन्सचे नाणे वापरतो, त्याच्याकडून एवढ्या जाणतेपणाची अपेक्षा करणे वावगे नाही.

लेड झेपेलिनच्या ‘स्टेअरवे टू हेवन’ या १९७१ सालच्या गाण्यातील जिमी पेज यांचा सोलो मात्र मधल्या वाटेचा आहे आणि मला वाटते, बहुसंख्य चांगले सोलो याच वाटेने जन्मतात. पेज यांनी सुरुवातीची ओळ आणि मधले जोडणारे काही दुवे आधी ठरवून ठेवले होते. बाकीचे सुचेल तसे वाजवत त्यांनी तीन वेगवेगळे सोलो ध्वनिमुद्रित केले आणि त्यांतून एक निवडला. रंगमंचावर हे गाणे वाजवताना त्यांच्या गळ्यात दोन माना असलेली गिब्सन गिटार दिसते, त्यामुळे मूळ सोलोही तिच्यावरच वाजवला असावा, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो गिटारवादक जेफ बेक यांनी त्यांना भेट दिलेल्या टेलिकास्टर या गिटारवर वाजवलेला आहे. आठ मिनिटांच्या या गाण्याची लय हळूहळू वाढत जाते आणि सोलो सहाव्या मिनिटाच्या आसपास येतो. तोवर श्रोत्याला ताटकळत ठेवण्याचा जो संयम आहे, तोही त्या सोलोचाच भाग आहे, असे मी मानतो.

स्टीली डॅन या चमूबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांचा काटेकोरपणा सर्वश्रुत आहे. ‘किड शार्लमेन’मधील लॅरी कार्लटन यांचा १९७६ सालचा सोलो दोन भागांत ध्वनिमुद्रित होऊन जोडलेला आहे आणि पुढच्याच वर्षीच्या ‘पेग’साठी अनेक नामवंत वादकांचे सोलो बाजूला सारल्यानंतर जे ग्रेडन यांचा सोलो ठेवण्यात आला.

यावर कोणी म्हणेल की ही सारी स्टुडिओची करामत झाली. खऱ्या अर्थाने त्या क्षणी जन्मलेले सोलो आहेतच की. जरूर आहेत आणि मला ते प्राणांहून प्रिय आहेत. फंकाडेलिकच्या १९७१ सालच्या ‘मॅगट ब्रेन’मध्ये जेमतेम विशी गाठलेल्या एडी हेझेल यांनी सुमारे दहा मिनिटे जे वाजवले आहे, ते ऐकताना वादक स्वतःलाही विसरला असल्याचे जाणवते. चमूचे प्रमुख जॉर्ज क्लिंटन यांनी त्यांना सांगितले होते की, आई वारल्याची बातमी आत्ताच कळली आहे अशा मनःस्थितीत वाजव. सोलो एकाच टेकमध्ये झाला. पण पुढे काय झाले, हेही पाहावे लागते. त्या वेळी संपूर्ण चमू साथीला होता आणि मिक्सिंग करताना क्लिंटन यांनी त्यांतील बहुतेक वाद्ये जवळजवळ पुसून टाकली. मागे राहिली एक हळुवार, झुळझुळणारी गिटार आणि प्रतिध्वनीत बुडालेले हेझेल. तो एकटेपणा, ज्याच्यासाठी आपण ते पुन्हापुन्हा ऐकतो, तो अर्धा हेझेल यांच्या बोटांतून आला आहे आणि अर्धा काय ठेवू नये, याच्या निर्णयातून.

प्रिन्स यांच्या ‘पर्पल रेन’चेही तसेच आहे. त्याचे मूळ ध्वनिमुद्रण ३ ऑगस्ट १९८३ रोजी मिनियापोलिसमधील एका प्रत्यक्ष कार्यक्रमात झाले. सुरुवातीच्या त्या ओळखीच्या कॉर्ड वेंडी मेल्वॉइन यांनी वाजवलेल्या आहेत, हे आवर्जून नोंदवतो, कारण त्यांचा उल्लेख क्वचितच होतो. परंतु १९८४ साली प्रसिद्ध झालेले गाणे म्हणजे त्या रात्रीची हुबेहूब नक्कल नाही. त्यातील एक संपूर्ण कडवे नंतर काढून टाकण्यात आले आणि इतरही संस्कार झाले. त्यामुळे शेवटचा सोलो आपल्यापर्यंत आज ज्या बेताने पोहोचतो, तो बेत नंतरचा आहे. याच प्रिन्स यांनी २००४ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या रॉक कलावंतांचा गौरव करणाऱ्या संस्थेच्या समारंभात ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’च्या शेवटी तीन मिनिटे जे वाजवले, ते मात्र निव्वळ त्या रंगमंचावरचे होते आणि त्याबाबतीत मी आपल्या प्रास्ताविकाशी पूर्ण सहमत आहे. त्याच गाण्यातील १९६८ सालच्या सोलोची गोष्ट अगदी निराळी होती. बीटल्सच्या अल्बमवरील तो सोलो एरिक क्लॅप्टन यांनी वाजवला आणि तो फार ‘बीटल्स’सारखा वाटत नाही, या त्यांच्याच शंकेवरून नंतर यंत्राच्या साहाय्याने त्याच्या सुरांना किंचित थरथर देण्यात आली. एकच गाणे, दोन सोलो. एक घडवलेला, एक घडलेला. मला दोन्ही हवेत.

निवड ही केवळ टेपवरच होते, असेही नाही. ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंग यांच्या १९६९ सालच्या ‘द थ्रिल इज गॉन’मध्ये सूर इतके मोजके आहेत की नवशिक्याला ते काही दिवसांत बसवता येतील, पण किंग यांच्यासारखे ते वाजणार नाहीत. ते गातात तेव्हा गिटार थांबलेली असते; गाणे थांबले की ती उत्तर देते. एक सूर घ्यायचा, डाव्या हाताने त्याला ते सुप्रसिद्ध कंपन द्यायचे आणि पुढचा सूर येण्याआधी पुरेसा वेळ जाऊ द्यायचा, एवढीच त्यांची सामग्री. दहा सूर सुचले असताना त्यांतील एकच वाजवणे ही तत्क्षणी केलेली निवडच आहे आणि ती करण्यासाठी आयुष्यभराची साधना लागते. (या गाण्याचे आणि ‘हॉटेल कॅलिफोर्निया’चे निर्माते एकच, बिल सिमझिक, दोन्ही बी मायनरमध्ये आहेत. ज्यांनी ही दोन गाणी लागोपाठ ऐकली नसतील, त्यांनी अवश्य ऐकावीत.)

जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चन यांची आठवण येथे टाळता येत नाही. १९३९ साली ते क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्या चमूत आले, तेव्हा विजेवर चालणाऱ्या गिटारमुळे हे वाद्य प्रथमच सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटच्या बरोबरीने ऐकू येऊ लागले. त्याआधी मोठ्या वाद्यवृंदात गिटारचा सोलो कानावर पडणेच अवघड होते. त्या काळी टेपवर तुकडे जोडण्याची सोय नव्हती, जे वाजले ते तबकडीवर उतरले. १९४२ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी ते गेले. पुढे त्यांच्या वादनाची दीर्घ तबकडी काढताना ‘ब्रेकफास्ट फ्यूड’ या रचनेच्या निरनिराळ्या टेकमधील त्यांचे सोलो एकत्र जोडण्यात आले. ज्यांनी आयुष्यात एकही तुकडा जोडला नाही, त्यांच्या बाबतीतही रसिकांना निवड करण्याचा मोह आवरला नाही, यावरून निवडीची ही ओढ किती जुनी आहे, ते दिसते.

आता ‘बीट इट’कडे येतो, कारण यादीत त्याच्यासमोर फक्त मायकल जॅक्सन यांचे नाव छापले होते. १९८२ सालच्या त्या गाण्यातील सोलो एडी व्हॅन हेलन यांचा आहे आणि त्यासाठी त्यांनी मानधन घेतले नाही. वाजवण्यापूर्वी त्यांनी गाणे ऐकले आणि सोलोखालचा भाग त्यांना पटला नाही, तेव्हा गाण्याच्या दुसऱ्या भागातील तुकडे आणून ती जागा नव्याने बांधायला त्यांनी तेथील ध्वनिमुद्रकाला सांगितले. त्या बदललेल्या जमिनीवर त्यांनी दोन सोलो आयत्या वेळी वाजवले. म्हणजे येथे सोलो उत्स्फूर्त होता, पण तो ज्या जमिनीवर उभा राहिला ती वादकाने आधी नांगरून घेतली होती. पुढे जॅक्सन यांच्या जगभरच्या दौऱ्यांत जेनिफर बॅटन यांनी हाच सोलो रंगमंचावर वाजवला. एकदा जन्मलेला सोलो गाण्याच्या चालीसारखाच कायमचा होतो, दुसऱ्या वादकाला तो शिकावा लागतो आणि श्रोत्यांना तो तसाच हवा असतो. मग त्याला रचना न म्हणण्याचे कारण उरत नाही.

माझी आपल्याला विनंती आहे ती याच संदर्भात. यादीत सोलोंच्या समोर पिंक फ्लॉइड, ईगल्स, स्टीली डॅन, मायकल जॅक्सन अशी नावे होती. गिल्मोर, फेल्डर, वॉल्श, कार्लटन, व्हॅन हेलन ही नव्हती. गाण्याच्या कवीचे आणि संगीतकाराचे नाव आपण न चुकता देता, तसेच सोलो वाजवणाऱ्याचेही द्यावे. विशेषतः जे वादक त्या चमूचे सदस्य नव्हते आणि एका गाण्यापुरते आले, त्यांच्या बाबतीत हे अधिकच आवश्यक आहे, कारण चमूच्या नावावरून त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच वाचकाला राहत नाही. क्लॅप्टन यांचे नाव १९६८ साली त्या बीटल्स अल्बमच्या वेष्टनावर नव्हते. त्याला तेव्हाचे करारमदार कारण असतील, आपल्यापुढे तशी कोणतीही अडचण नाही.

शक्य झाल्यास यादीचा दुसरा भागही प्रसिद्ध करावा. पहिल्या भागात एडी हेझेल नव्हते, बी. बी. किंग नव्हते आणि चर्चमधील भक्तिगीतांच्या साथीला विजेची गिटार घेऊन उभ्या राहिलेल्या, रॉक संगीताच्या कितीतरी आधी तसे सोलो वाजवणाऱ्या सिस्टर रोझेटा थार्प यांचाही उल्लेख नव्हता. थार्प यांना हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळायला २०१८ साल उजाडले. आपल्या पुरवणीत जागा मिळायला त्यांना तेवढी वाट पाहावी लागू नये.

कळावे,
आपला नम्र,
एक नियमित वाचक